ऐकणाऱ्यांचं वर्ष

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीच्या मंदिरात काय गर्दी असते, ते तिथे एकदा चेंगरल्याशिवाय कळत नाही. मानाच्या दिंड्या आत येतात, टाळ-मृदंगाचा गजर चढत जातो आणि सगळ्यांचे डोळे कळसाकडे लागतात. कळस हलला की माउलींनी, म्हणजे ज्ञानेश्वरांनी, निघायची आज्ञा दिली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. मग पालखी खांद्यावर येते. 13 जून 2020 ला तिथी तीच होती, मंदिरही तेच. आत होती मात्र मोजून पन्नासेक माणसं. घाटावर चिटपाखरू नाही, दुकानांची फळ्या-शटरं बंद, आणि गावातले लोक घरात टीव्हीसमोर किंवा मोबाइल हातात धरून बसलेले. ज्यांच्या उंबऱ्यावरून पालखी जाते, त्यांनीही प्रस्थान ऐकलं ते मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून.

पादुका पुढे सतरा दिवस आळंदीतच, आजोळघरी राहिल्या. 30 जूनला फुलांनी सजवलेल्या एसटी बसमधून त्या पंढरपूरला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आषाढी झाली. एरवी मुक्काम, रिंगण, धावा करत जवळपास तीन आठवडे चालणारी वाट काही तासांत संपली.

मला सांगायचं आहे ते नाटकाबद्दल. पण 2020 साली आळंदी, भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात नाटकाचं आणि वारीचं दुखणं एकच होतं. माणसं एकत्र जमल्याशिवाय ज्या गोष्टी होतच नाहीत, त्या माणसं न जमवता करायच्या होत्या. डोळ्यांसमोर काही उभं करता येईना, तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी कानाचा आसरा घेतला. ‘लॉकडाऊनमधली ऑडिओ नाटकं’ असा विषय निघाला की बोलणारे ॲप, पॉडकास्ट आणि नव्या तंत्रज्ञानापासून सुरुवात करतात. खरी सुरुवात बरीच मागे आहे.

आधी मार्च महिना. राज्यातले पहिले दोन करोनाग्रस्त 9 मार्चला पुण्यात सापडले. 13 मार्चला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी विधिमंडळात जाहीर केलं, की मध्यरात्रीपासून मुंबई, नवी मुंबई, ठाणे, नागपूर, पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधली चित्रपटगृहं, नाट्यगृहं, व्यायामशाळा, तरणतलाव बंद. म्हणजे देशभर टाळेबंदी लागायच्या बारा दिवस आधीच चिंचवडचं प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह, संत तुकारामनगरचं आचार्य अत्रे रंगमंदिर आणि पिंपळे गुरवचं निळू फुले नाट्यगृह यांना कुलपं लागली होती. आळंदीकराला व्यावसायिक नाटक बघायचं म्हणजे भोसरी नाहीतर चिंचवड गाठायचं. तो रस्ता तिथेच थांबला. शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन त्याच मार्चअखेरीस सुरू व्हायचं होतं, जब्बार पटेल अध्यक्ष होते. तेही राहिलं.

या पट्ट्यातलं हौशी नाटक पुण्याच्या सदाशिव पेठेतल्यापेक्षा वेगळ्या वेळापत्रकावर चालतं. इथे तालमीची वेळ नाटकाचा दिग्दर्शक ठरवत नाही, कंपनीची शिफ्ट ठरवते. पहिल्या पाळीचा नट दुपारी चारला मोकळा, दुसऱ्या पाळीचा रात्री बाराला घरी, तिसऱ्या पाळीवाला तालमीत जांभया देणार. कामगार कल्याण मंडळाची स्थापना 1953 ची. त्याच्या नाट्यस्पर्धांनी यंत्रावर काम करणाऱ्या कितीतरी लोकांना पहिल्यांदा तोंडाला रंग लावायला लावला. राज्य नाट्य स्पर्धा त्यानंतरच्या वर्षीची. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे एमआयडीसी आली, मग चाकण. कारखान्यांबरोबर गावोगावची माणसं आली आणि आपापल्या गावच्या जत्रेतलं नाटक घेऊन आली. दशावतार पाहिलेला मालवणी फिटर आणि झाडीपट्टीतला वेल्डर एकाच एकांकिकेत असण्याची शक्यता महाराष्ट्रात आणखी कुठे असेल?

टाळेबंदीत हे लोक घरात बसले. काहींच्या कंपन्या मे महिन्यात अर्ध्या माणसांवर सुरू झाल्या, काहींना पगार अर्धा मिळाला, काहींना तोही नाही. चाकणच्या रस्त्यावर परराज्यातल्या कामगारांचे तांडे गावाकडे चालले होते. अशा दिवसांत नाटकाचं नाव काढणंही कुणाला चैनीचं वाटलं असेल, पण नाटकवाले काही गप्प बसले नाहीत. व्हॉट्सॲपच्या गटांवर, जिथे एरवी ‘उद्या तालीम सातला’ एवढाच निरोप यायचा, तिथे आवाजाच्या फाइली येऊ लागल्या. अभिवाचन सुरू झालं, मग अभिवाचनाच्या स्पर्धा, मग कुणीतरी म्हणालं की आपण श्रुतिकाच करू.

श्रुतिका, म्हणजे नुसतं ऐकायचं नाटक, हा प्रकार त्यांच्या आजोबांच्या पिढीला चांगला ठाऊक होता.

मुंबईचं नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं, पुण्याचं 2 ऑक्टोबर 1953 ला. त्याहीआधी, 15 जानेवारी 1924 ला, बीबीसीने खास नभोवाणीसाठी लिहिलेलं पहिलं नाटक लंडनहून प्रसारित केलं होतं. रिचर्ड ह्यूज नावाच्या तरुण लेखकाने ते लिहिलं होतं. वेल्समधली कोळशाची खाण पाहायला गेलेली माणसं, आणि एकाएकी दिवे जातात. बस, नाटक तिथून सुरू. पात्रांना काही दिसत नाही, ऐकणाऱ्यालाही दिसत नाही. दोघंही एकाच अंधारात. त्या रात्री श्रोत्यांना घरातले दिवे मालवून ऐकायला सांगितलं होतं. पुढे शंभर वर्षं नभोनाट्य लिहिणाऱ्या प्रत्येकाला जी अडचण आली, ती ह्यूजने पहिल्याच झटक्यात सोडवली होती. अंधाराची भरपाई करत न बसता त्याने नाटकच अंधारात घडवलं.

मराठीत हा उद्योग आकाशवाणीने मोठा केला. मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत यांचे चेहरे श्रोत्यांनी कधी पाहिले नव्हते, तरी ते शेजारच्या बिऱ्हाडातले वाटायचे. हे आवाज होते बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे. पुणे केंद्रावर व्यंकटेश माडगूळकर ग्रामीण कार्यक्रम करत होते. माणदेशी माणूस बोलतो कसा आणि बोलता बोलता थांबतो कुठे, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पु. ल. देशपांडे 1955 च्या सुमारास पुणे केंद्रावर होते. त्याच वर्षी 1 एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून गदिमा आणि सुधीर फडक्यांचं गीतरामायण तिथे सुरू झालं. आठवड्याला एक अशी 56 गीतं झाली. मी तर म्हणेन, मराठीतलं सगळ्यात यशस्वी नभोनाट्य गीतरामायणच. बहुतेक गाणी एकेका पात्राच्या तोंडची आहेत. प्रसंग आधीच घडून गेलेला असतो किंवा घडत असतो, आणि आपल्याला ऐकू येतो तो फक्त त्या प्रसंगातल्या एका माणसाचा आवाज. नेपथ्य, मुकुट, धनुष्यबाण यांतलं काहीही लागत नाही.

नभोनाट्याच्या स्टुडिओची खोली म्हणजे एक गंमतच असे. एका बाजूला भिंतींना जाड पडदे, जमिनीवर सतरंजी, तिथे आवाज मेल्यासारखा येतो, म्हणजे पात्र घराबाहेर मोकळ्या मैदानात आहे. दुसऱ्या बाजूला उघडी भिंत, आवाज घुमतो, म्हणजे पात्र विहिरीत नाहीतर देवळात. कोपऱ्यात चौकटीसकट एक दार, नुसतं उघडायला आणि लावायला. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या. जवळचं बोलणं आणि लांबचं बोलणं यात अंतर दाखवायचं तर नट खरंच मायक्रोफोनपासून दोन पावलं मागे सरकायचा. या दोन पावलांना फार महत्त्व होतं. रंगमंचावर नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायला शिकलेला असतो. मायक्रोफोनसमोर तोच फेकलेला आवाज खोटा लागतो. मोठमोठे नट इथे आपटायचे आणि एखादी शाळामास्तरीण सहज तरून जायची.

रत्नाकर मतकरींची सुरुवात याच खोलीतून झाली. 1955 साली, वयाच्या सतराव्या वर्षात, त्यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली. त्यानंतर बालनाट्य, ‘अलबत्या गलबत्या’, ‘लोककथा 78’, ‘आरण्यक’, गूढकथा असं पासष्ट वर्षांचं लिखाण. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांनी ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांना हाताशी धरून ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तिथे मुलंच लिहायची, मुलंच बसवायची, आपल्या गल्लीतलं नाटक करायची. नाटक ही वस्तीची गोष्ट आहे, भाड्याच्या थिएटरची नव्हे, असं मानणारा हा माणूस 17 मे 2020 ला मुंबईत करोनाने गेला. टाळेबंदीचा तिसरा टप्पा त्या दिवशी संपत होता. शोकसभा घ्यायची सोय नव्हती. लोकांनी फोनवर त्यांच्या कथा वाचून रेकॉर्ड केल्या आणि एकमेकांना पाठवल्या. एका अर्थी मतकरी जिथून निघाले होते तिथेच, नुसत्या आवाजाकडे, ही श्रद्धांजली पोचली होती.

आता त्या घरोघरच्या रेकॉर्डिंगकडे वळू. पद्धत साधारण सगळीकडे सारखी होती. एक चांगला फोन, त्यातलं रेकॉर्डर, आणि दिवाणखाना सोडून घरातली दुसरी कुठलीही जागा. दिवाणखान्यात फरशी आणि उघड्या भिंती असतात, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. म्हणून कपड्यांचं कपाट उघडायचं, त्यात तोंड खुपसून बोलायचं. कपाट नसेल तर डोक्यावरून गोधडी. मे महिन्यात, पंखा बंद करून, गोधडीखाली घामाघूम होऊन प्रेमाचा प्रवेश करायचा! पंखा चालू ठेवला तर घरघर येते आणि बंद ठेवला तर नट बेशुद्ध पडायची वेळ. कुकरची शिट्टी, शेजारच्यांचा टीव्ही, दारावरचा भाजीवाला हे सगळं टाळून रात्री अकरानंतर वेळ मिळायची. रस्त्यावर गाडी नव्हती, विमानं नव्हती, त्यामुळे इतकी शांतता एरवी कुठल्याही स्टुडिओला पैसे देऊन मिळाली नसती. पण एप्रिल-मेच्या पहाटे कोकिळा काही ऐकत नव्हत्या.

मग तांत्रिक खाचखळगे. व्हॉट्सॲपवर बोलून थेट पाठवलेला आवाज दाबला जातो, वरचे-खालचे सूर कापले जातात. म्हणून वेगळं रेकॉर्ड करून फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची, हे पहिल्या दोन प्रयत्नांनंतर सगळ्यांना कळलं. ज्याच्याकडे लॅपटॉप असेल तो ‘ऑडॅसिटी’सारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे जोडायचा. एका नटाची खोली घुमते, दुसऱ्याची नाही. दोघं नवरा-बायको म्हणून एकाच पलंगावर बसलेत असं नाटक सांगतं आणि कानाला एक जण गोदामात, दुसरा गोधडीत. हे जोडणाऱ्याला मग खोलीचा नुसता आवाज लागायचा. कुणी बोलत नसताना खोली जी गुणगुणते तो. तो खाली पसरला की तुकडे जरा सांधले जात. आकाशवाणीतल्या लोकांना यात नवं काहीच नव्हतं. त्यांनी सतरंजी आणि पडद्याने जे केलं तेच हे गोधडीने करत होते.

पण एक गोष्ट गोधडीने होत नव्हती. प्रत्येक जण आपली वाक्यं एकटा बोलत होता. समोरच्याचं वाक्य बायको नाहीतर भाऊ सपाट आवाजात वाचून दाखवायचा, नाहीतर तेही नाही, मनात धरायचं. नाटकातला अर्धा अभिनय ऐकण्याचा असतो. समोरच्याने वाक्य किंचित लांबवलं की आपलं उत्तर थोडं तुटक येतं. हे देणं-घेणं नसलं की दोन सुंदर म्हटलेली वाक्यं शेजारी ठेवूनही संवाद होत नाही. त्या वर्षीच्या बऱ्याच श्रुतिका मी ऐकल्या. बहुतेकांत आवाज उत्तम होते आणि माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. जमल्या त्या दोनच प्रकारच्या. एक, ज्यांत एकच पात्र होतं. दुसरा, ज्यांत पात्रं खरोखरच लांब होती, फोनवर बोलत होती. म्हणजे ह्यूजने खाणीत दिवे घालवून जे केलं तेच. रंगमंचावरची जुनी एकांकिका उचलून तशीच्या तशी कानासाठी वाचणारे मात्र फसले. ‘तो बघ, कोण आलंय दारात’ असलं वाक्य रंगमंचावर खपतं. कानाला ते लगेच कळतं, की हे आपल्यासाठी मुद्दाम म्हटलंय.

बीबीसीलाही त्या काळात हेच करावं लागलं. ‘द आर्चर्स’ ही तिथली खेडेगावाची श्रुतिका-मालिका 1951 पासून चालू आहे. मूळ हेतू शेतकऱ्यांना शेतीचं ज्ञान मिळावं हा, म्हणजे माडगूळकरांच्या खात्याची इंग्रज बहीणच. साठवलेले भाग संपल्यावर काही आठवडे जुने भाग लावले गेले. मे 2020 च्या अखेरीस नवे सुरू झाले ते नटांनी घरातून रेकॉर्ड केलेले, आणि त्यांत संवाद जवळजवळ नव्हतेच. पात्रं मनातल्या मनात बोलत होती. जुने श्रोते रागावले. त्यांना गाव ऐकायचं होतं आणि मिळत होती एकेकट्या माणसांची बडबड. पण निर्मात्यांचा निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. एकटं रेकॉर्ड करायचं असेल तर एकट्याचंच लिहावं.

मराठीत दुसराही प्रयोग झाला. हृषीकेश जोशी यांनी ‘नेटक’ या नावाने इंटरनेटवरून थेट नाटक दाखवायला सुरुवात केली. तेजस रानडे यांचं ‘मोगरा’ जुलै 2020 मध्ये झालं, नट्या आपापल्या घरात, प्रेक्षक आपापल्या घरात, तिकीट काढून, ठरलेल्या वेळी. लेखनच अशा रीतीने केलेलं होतं की पात्रांनी एका जागी असण्याची गरज नव्हती. ते गाजलं, आणि गाजायला हवंच होतं. पण त्याला चांगलं इंटरनेट लागत होतं. खेड तालुक्यातल्या किंवा चाकणच्या चाळीतल्या खोलीत, जिथे एका फोनवर दोन मुलांची शाळाही चालू होती, तिथे ते पोचणं अवघड. दहा मिनिटांची आवाजाची फाइल मात्र कुठल्याही फोनवर, केव्हाही उतरायची. भांडी घासताना, स्वयंपाक करताना, रात्रपाळीत यंत्राशेजारी एका कानात. दूरदर्शनने 28 मार्चपासून रामायण पुन्हा लावलं होतं, घरातले सगळे डोळे तिकडे. कान मोकळे होते.

आळंदी या बाबतीत मुळात तयारीची होती. या गावात ऐकणं हाच मोठा व्यवहार आहे. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली इथे वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथून आणि नंतर निघालेल्या कितीतरी लहान-मोठ्या संस्थांमधून मुलं टाळ, मृदंग, चाली आणि पाठांतर शिकून कीर्तनकार म्हणून बाहेर पडतात. कीर्तन कॅसेटवर आलं तेव्हा बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ ज्या घरी दुसरं एकही गाणं वाजत नव्हतं अशा घरीही पोचला. मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवरच्या दुकानांत कॅसेटींच्या जागी सीडी आल्या, मग मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह. शेतकरी ट्रॅक्टरवर कीर्तन लावून नांगरट करतो. नभोनाट्याला ज्या श्रोत्याची गरज असते तो इथे आधीपासून बसलेला होता.

तरी 2020 साली सगळ्यात जास्त अडखळले ते कीर्तनकारच. संस्था रिकाम्या झाल्या, मुलं गावी परतली, सप्ताह बंद, म्हणजे बिदागी बंद. अनेकांनी फेसबुक नाहीतर यूट्यूबवर कीर्तन सुरू केलं. फोन उभा केला, फेटा बांधला, वीणा गळ्यात घातली, आणि समोर कुणी नाही. वारकरी कीर्तनात कीर्तनकार एकटा नसतो. मागे टाळकरी असतात, ते चाल उचलतात. चरण म्हटला की तो मागून परत येतो, आणि त्या परत येण्याच्या अवधीत कीर्तनकार पुढचा दृष्टांत मनात जुळवतो. समोरचे श्रोते विठ्ठलनामात साथ देतात, हसतात, म्हातारी माणसं डोळे पुसतात, त्यावर तो पुढे किती लांबवायचं ते ठरवतो. हे सगळं काढून घेतल्यावर तालेवार कीर्तनकारही दहाव्या मिनिटाला थकलेले दिसत. नभोवाणीचा नट मायक्रोफोनपलीकडे एका माणसाची कल्पना करायला शिकलेला असतो. कीर्तनकाराला तसं कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायची वेळ सातशे वर्षांत आली नव्हती.

ज्यांच्या समाधीमुळे हे गाव ओळखलं जातं त्या ज्ञानेश्वरांना या अडचणीची जाणीव फार लवकर होती. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली, शके 1212 मध्ये, आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. म्हणजे मुळात तो बोललेला ग्रंथ आहे, समोर बसलेल्यांना उद्देशून. नववा अध्याय तर श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो, आणि पुढे कितीतरी ओव्या त्या मागण्यातच जातात. ऐकणाऱ्याचं लक्ष असलं तर बोलणाऱ्याला बळ येतं, हे तिथे लडिवाळपणे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. घाईचा वाचक हा भाग ओलांडून पुढे जातो. 2020 च्या उन्हाळ्यात आळंदीतल्या कुणा कीर्तनकाराने तो रिकाम्या खोलीत बसून वाचला असेल, तर त्याला त्यातली निकड वेगळी जाणवली असणार.

या ऐकण्याने पोट भरलं नाही, हेही लिहायला हवं. श्रुतिकेला नेपथ्य लागत नाही, म्हणजे नेपथ्याचा ट्रक भरणाऱ्यांना काम नाही. प्रकाशयोजना नाही, रंगभूषा नाही, इस्त्रीवाला नाही, चहावाला नाही. नाट्य परिषदेने आणि काही निर्मात्यांनी पडद्यामागच्या कामगारांना मदत केली, ती महिन्या-दोन महिन्यांपुरती. मालिकांची चित्रीकरणं जूननंतर सुरू झाली, पण तिथली भीती खोटी नव्हती. साताऱ्यात चित्रीकरणादरम्यान करोना झालेल्या आशालता वाबगावकर 22 सप्टेंबरला गेल्या. पिंपरीच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर तोवर जंबो कोविड रुग्णालय उभं राहिलं होतं. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा त्या वर्षी झाली नाही. घरात गोधडीखाली नाटक करणारे लोक हौशी होते, त्यांचा महिना कंपनीच्या पगारावर चालत होता, म्हणून त्यांना ते परवडलं. ध्वनिनाट्याचं कौतुक करताना हा हिशेब बहुतेक जण विसरतात.

राज्य सरकारने 5 नोव्हेंबर 2020 पासून निम्म्या क्षमतेने नाट्यगृहं उघडायला परवानगी दिली, पण नाटक उभं राहायला महिना गेला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रशांत दामले यांच्या ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ने पुण्यात पडदा वर गेला. एक खुर्ची सोडून एक खुर्ची, मास्कमागून हसू. नेमक्या त्याच आठवड्यात आळंदीत संचारबंदी होती. कार्तिकी यात्रेसाठी 6 ते 14 डिसेंबर गाव बाहेरच्यांना बंद होतं, आणि 13 डिसेंबरचा संजीवन समाधी सोहळा मोजक्या लोकांत झाला. अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर एकीकडे लोक तिकीट काढून एकत्र बसून हसत होते, आणि दुसरीकडे दर्शनाला आलेला वारकरी गावाच्या वेशीवरून परत पाठवला जात होता. यावर त्या वेळी बरीच कुरबूर झाली. सभागृहातली गर्दी मोजता येते, यात्रेतली नाही, हे प्रशासनाचं कारण समजण्यासारखं होतं. वारकऱ्याला ते पटणं अवघड होतं.

2021 च्या एप्रिलमध्ये सगळं पुन्हा बंद झालं. त्या वर्षी 2 जुलैला प्रस्थान झालं आणि मानाच्या दहा पालख्या 20 एसटी बसमधून पंढरीला गेल्या. नाट्यगृहं 22 ऑक्टोबर 2021 ला उघडली. दुसऱ्या बंदीत श्रुतिकांचा उत्साह निम्म्यावर आला होता. एप्रिल-मे 2021 मध्ये व्हॉट्सॲपच्या त्याच गटांवर ऑक्सिजनच्या खाटा आणि रेमडेसिव्हिरची चौकशी चालली होती. तिथे नाटकाची फाइल टाकायला हात धजत नव्हता.

पुढे ढकललेलं शंभरावं नाट्यसंमेलन शेवटी जानेवारी 2024 मध्ये पिंपरी-चिंचवडलाच झालं. शहरातल्या नाट्यगृहांत एकाच वेळी प्रयोग, रस्त्यावर नाट्यदिंडी. ज्या शहरात नाटकाची कुलपं पहिल्या फेरीत लागली तिथे ते भरलं, हा योगायोग कुणी फारसा बोलून दाखवला नाही.

त्या श्रुतिकांचं पुढे काय झालं? थोड्या यूट्यूबवर आहेत, एखाद्या स्थिर चित्राखाली. बाकीच्या लोकांच्या फोनमध्ये होत्या. फोन बदलले, फोनची जागा भरली तेव्हा आधी लग्नाचे व्हिडिओ वाचवले गेले आणि ‘प्रवेश दोन अंतिम नवा’ असल्या नावाच्या फाइली पुसल्या गेल्या. आकाशवाणीनेही तेच केलं होतं म्हणा. टेप महाग, म्हणून जुना कार्यक्रम पुसून त्यावर नवा घ्यायचा, यात मराठीतली असंख्य नभोनाट्यं गेली. फरक इतकाच की आकाशवाणीकडे निदान नोंदवही होती, कोणतं नाटक, कोणत्या तारखेला, कुणाचा आवाज. भोसरी, चिंचवड आणि आळंदीच्या हौशी गटांकडे आज तेवढंही नाही, आणि ज्या लॅपटॉपवर ते तुकडे जोडले गेले ते अजून पूर्ण बिघडलेले नाहीत. महापालिकेच्या एखाद्या नाट्यगृहाने कार्यालयात एक संगणक आणि एक हार्ड डिस्क ठेवून लोकांना ‘आणून द्या’ म्हटलं, तर अजून बरंच हाती लागेल.